कळंब्याच्या बांधावरची भुंगमाशी

गालावर साबणाचा फेस होता तेव्हा आमच्या कॉलेजचा शिपाई मारुती दारात येऊन उभा राहिला. "सर, माशीवालं सर गेलं." मी आरशातूनच विचारलं, "कुठं?" माझे सहकारी सबनीस सुट्टीच्या दिवशी सकाळी कळंब्याला जात, तेव्हा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. मारुती हळू आवाजात म्हणाला, "गेलं की वो सर... दूधवाल्यानं लई हाका मारल्या, दार उघडंनाच." या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. गावानं त्यांना ज्या नावानं ओळखलं, त्याच नावानं ती बातमीही आली. ते नाव एका गैरसमजातून पडलं होतं. तो दूर करायचा प्रयत्न त्यांनी एकदा भर सभेत केला होता.

दिनकर सबनीस प्राणिशास्त्र शिकवत, मी तर्कशास्त्र. दोन्ही विषयांकडे विद्यार्थी सारखेच कमी फिरकत, त्यामुळे स्टाफरूमच्या एका कोपऱ्यात आमच्या खुर्च्या शेजारी आल्या आणि तशाच राहिल्या. इतक्या वर्षांत आम्ही 'अहो' सोडून 'अरे'वर आलो नाही. मंगळवार पेठेत माडीवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत ते राहत, दुसरीत माश्या. आणि मोठी खोली माश्यांची. तिथल्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, मुंग्या चढू नयेत म्हणून. डांबरगोळ्यांचा वास असा की पाहुण्यानं चहा निम्मा टाकून उठावं. पाहुणे फारसे येतही नसत. पत्नी सुमतीबाई बेळगावला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सुरुवातीला त्या दिवाळीत आणि उन्हाळ्यात येत, मग नुसत्या उन्हाळ्यात, मग... भांडण झाल्याचं कुणी ऐकलं नाही. मी एकदा चाचरत विचारलं, तर सबनीस म्हणाले, "तिला तिथलं पाणी मानवतं." अशा विधानावर पुढचा प्रश्न विचारू नये, एवढं तर्कशास्त्र मला येतं.

त्यांचा जीव ज्या माशीत अडकला होता, तिला मराठीत नाव नाही. ते तिला भुंगमाशी म्हणत. अंगावर दाट, मऊ केस, तोंडापुढे सुईसारखी ताठ सोंड. लांबून बघणाऱ्याला मधमाशीच वाटावी. पण पंख दोनच, आणि नांगी नाही. उन्हात ती जमिनीपासून वीतभर उंचीवर एका जागी टांगल्यासारखी थांबते, आणि बघताबघता तिथं नसते. मातीत एकेकट्यानं बिळं करून राहणाऱ्या रानमाश्या असतात. भुंगमाशीची मादी त्यांच्या बिळाच्या तोंडाशी घिरट्या घालत वरूनच आपली अंडी टाकते. पुढं पोरं वाढतात ती यजमानाच्याच लेकरांना खाऊन. "म्हणजे संस्थानिकच की," मी म्हणालो होतो. सबनीस हसले नाहीत. माश्यांच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नसे.

हिची जात ओळखायची ती मुख्यतः त्या केसांवरून आणि पंखांच्या शिरांवरून. केस इतके नाजूक की बोट लागलं, वारा लागला, तर झडतात, आणि टक्कल पडलेली माशी शास्त्राच्या कामाची उरत नाही. म्हणून त्या खोलीचा एक नियम होता: पेटीवर वाकायचं तर आधी तोंडावर रुमाल धरायचा. मी पहिल्यांदा नुसताच वाकलो तेव्हा त्यांनी माझी हनुवटी बोटानं बाजूला वळवली आणि म्हणाले, "श्वास तिकडे सोडा." पेट्या ते स्वतः करत. टाचणी सहज रुतावी म्हणून तळाला भेंडाचे पातळ काप चिकटवत. भेंड म्हणजे बाशिंगाचं पांढरं, हलकं लाकूड. पेठेतल्या बाशिंगवाल्याकडून ते आणायचे. तो दर वेळी विचारी, "मास्तर, ह्या वक्ताला कुणाचं लगीन?" सबनीस गंभीरपणे सांगत, "माश्यांचं." तो म्हणे, "आमास्नी न्हाई बोलावलंसा कदी."

दिवाळीच्या सुमारास, पावसानं ओली झालेली माती सुकून कडक झाली की ते कळंब्याच्या तळ्यावर जात. एकदा मीही गेलतो... गेलो होतो म्हणायला हवं. कोल्हापुरात इतकी वर्षं काढल्यावर जीभ घसरते. बांधाच्या उतारावर सबनीस जाळी घेऊन गुडघ्यांवर बसलेले, मी छत्री घेऊन त्यांच्या मागे, सावली माशीवर पडू नये अशा बेतानं. तुरुंगाकडून एक शिपाई सायकलवरून उतरला. "काय हुडकतायसा पावणं?" "माशी," सबनीस वर न बघता म्हणाले. "ती हुडकाय लागतीया व्हय? जेवायच्या वक्ताला आमच्यात या की, पोत्यानं देतो."

त्याच बांधावर त्यांना ती वेगळी भुंगमाशी सापडली. काळपट तपकिरी, पंखांचा निम्मा भाग शाई सांडल्यासारखा. जवळच्या कुठल्याही ग्रंथातल्या वर्णनाशी ती जुळेना. दोन-तीन हंगाम त्यांनी तिचे नमुने गोळा केले. सगळे नरच निघाले; नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, त्यावरून कळतं. मादी काही सापडेना. "मिळेल," ते म्हणत. त्यांनी शिरांच्या आकृत्या काढल्या, इंग्रजीत वर्णन लिहून काढलं. एका संध्याकाळी मला म्हणाले, "आजवर मी दुसऱ्यांनी ओळखलेलंच शिकवत आलो. एक तरी जीव माझ्यामुळे माहीत झाला, असं व्हावं. बाकी माझं मागं काही राहायचं नाही." इतकं सलग बोलणं त्यांच्याकडून मी क्वचितच ऐकलं असेल. बोलून झाल्यावर ते उगाच वाट्यांत पाणी घालत बसले. वाट्या भरलेल्याच होत्या.

ही बातमी प्राचार्यांना लागली आणि सत्कार ठरला. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, गावाला हळहळायला आणि मिरवायला काहीतरी हवंच होतं. माशीला महाराजांचं नाव द्यावं अशी सूचना आली. एका वकिलांनी दुरुस्ती सुचवली की बदलत्या काळात एखाद्या मंत्र्याचं द्यावं. सबनिसांना कळंब्याचं द्यायचं होतं. "माणसाचं नाव दिलं की माशीला जन्मभर त्याची पालखी वाहावी लागते," ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकलेला हा एकच विनोद, आणि मला वाटतं तो त्यांनी विनोद म्हणून केला नव्हता.

सत्काराच्या दिवशी सकाळी ते सवयीनं बांधावर गेले. दुपारी माझ्या दारात आले ते धुळीनं भरलेल्या धोतरानं. हातात काचेची बाटली. तिच्यात दोन माश्या होत्या, त्यांनी एकाच वेळी जाळीत धरलेल्या. धरल्या तेव्हा दोघी एकमेकींना जोडलेल्या, तशाच हवेत थांबल्या होत्या. एक काळपट, शाईच्या पंखांची. दुसरी फिकट, पिवळसर, पंख काचेसारखे स्वच्छ. ही दुसरी त्यांच्या चांगल्या ओळखीची. हिचं नाव ग्रंथात होतं, पण वर्णन फक्त मादीचं. नर कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. हिचे नमुने त्यांच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात, वेगळ्या पेटीत कितीतरी वर्षं होते. आणि सगळ्या माद्या.

"म्हणजे नवी जात नाही?" मी विचारलं.

"नाही. हा हिचा नर." ते बाटलीकडे बघत राहिले. "एका कपाटात होती हो दोघं... माझ्या लक्षात नाही आलं."

आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सबनीस, मांडव घातलाय, फेटेवाला येऊन बसलाय. माशीचं काय ते सावकाश बघा." संध्याकाळी व्यासपीठामागे चित्रकलेच्या शिक्षकांनी रंगवलेली पुरुषभर उंचीची भुंगमाशी टांगली होती. तिला चार पंख होते. भाषणांत करवीरनगरी आली, शाहिरी आली, तालमी आल्या. माशी तेवढी आली नाही. फेटा सबनिसांच्या कानांवर उतरला होता. उत्तराला उभे राहिले तेव्हा आधी मागं वळून चित्राकडे बघत म्हणाले, "दोन पंख." मग लोकांकडे तोंड करून अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं: ही नवी जात नाही, जुन्याच जातीचा नर आहे, माझी चूक झाली, ती आज सकाळी माझ्या लक्षात आली, आपण हा सत्कार करू नये.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काय सांगावं. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, नर काढलासा! शाब्बास!" दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पत्रात नव्या माशीचा शोध ठळक अक्षरांत होता.

त्यांनी आपलं वर्णन छापायला धाडलं नाही. नर प्रथमच सापडला, एवढीच दोन परिच्छेदांची टीप पाठवली. ती छापून आली. गावात वाचली ती मी, आणि मला निम्मी कळली. त्यानंतर रस्त्यात कुणी "काय माशीवालं सर!" म्हटलं की पहिली काही वर्षं ते थांबून समजावून सांगत. पुढं नुसतं नमस्कार करून चालायला लागले. बांधावर जाणं मात्र सुटलं नाही. मी गुडघेदुखीचं निमित्त करत असे, ते एकटेच जात.

दहाव्यानंतर खोली आवरायला सुमतीबाई बेळगावहून आल्या. मी किल्ली घेऊन गेलो. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मुख्याध्यापिकेचं, नेमकं. टेबलाखालच्या वाट्या कोरड्या पडल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी तांब्या शोधला आणि चारही वाट्या भरल्या. मग विचारलं, "पेपरात आलं होतं ती नवी माशी कुठली?"

"वहिनी, नवी नव्हती ती." मी वरच्या कप्प्यातली पेटी काढून टेबलावर ठेवली. सत्कारानंतर सबनिसांनी दोन्ही पेट्यांतले नमुने या एकाच पेटीत आणले होते. भेंडाच्या पांढऱ्या तुकड्यावर काळपट नर आणि फिकट मादी, जोडीजोडीनं टोचलेले. मी त्यांना सगळं सांगितलं. बांध, बाटली, मांडव, चार पंख.

"सांगितलं त्यांनी? सगळ्यांसमोर?"

"स्पष्ट सांगितलं."

"मग लोक काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

त्या हसल्या. चांगल्या मोठ्यानं हसल्या, आणि मधेच थांबल्या. "मला कळवायचं होतं ना... मी ऐकलं असतं," त्या म्हणाल्या, पण माझ्याशी नव्हे. मी पेटीचं झाकण उघडलं. बघायला त्या पुढं वाकल्या, आणि वाकताना, माझ्याकडे न बघता, त्यांचा हात आपोआप वर गेला, पदराचं टोक त्यांनी तोंडावर घट्ट धरलं. तशाच त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. एका माशीचाही केस हलला नाही.