पेवाच्या तोंडाशी फोडलेला नारळ

सरकार सक्तीनं धान्य वसूल करी, त्या लेव्हीच्या दिवसांत बोरीला आमचं ज्वारीचं पेव होतं. जमिनीत दोन पुरुष खोल, आणि तोंड इतकं अरुंद की माणूस खांदे आवळूनच आत जाई. बंद धान्यावर विषारी हवा साचते; ती माणसाला ओरडूही देत नाही. पेव उघडायचं काम वर्षानुवर्षं एकच म्हातारा करी. त्याला बसवून मी सगळं वहीत उतरवलं होतं. तोंड आदल्या दिवशी उघडायचं. कंदील पार ज्वारीपर्यंत सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या काखेतून दोर, वर दोन माणसं, आणि आतल्यानं सारखं बोलत राहायचं. सासऱ्यांची नजर गेल्यापासून धान्याचं मीच पाहत होते.

म्हातारा लेकीकडे पूर्णेला गेलेला असताना महसूल खात्याचा गिर्दावर न कळवता लेव्हीची ज्वारी न्यायला आला. धाकट्या दिरांनी लगेच पेव उघडायला लावलं. मी वही काढली, तर म्हणाले, वहिनी, दिवाळीचा फराळ करायचाय का, याद्या वाचायला?

झाकण निघालं आणि आंबलेला, कुजका वास अंगावर आला. गिर्दावरानं अत्तराचा रुमाल नाकाला लावला. "जल्दी करो जी, आगे और दो गावां हैं."

पेव निम्मं रिकामं होतं. कंदील सोडला, तो कमरेइतका खाली जाताच विझला. कुणी उतरायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण दिरांना त्यात अपशकुन दिसला. त्यांनी नारळ फोडला, कंदील पुन्हा पेटवला आणि पुन्हा विझू नये म्हणून वीतभरच खाली धरला. तो तेवत राहिला. सगळ्यांनी हात जोडले. मला त्या वासाहून त्या जोडलेल्या हातांची किळस आली.

उतरणार होता आमचा सालगडी. पेवात तो कधी गेलेला नव्हता. आज उतरू नकोस, असं मी त्याला सांगितलं. तो दिरांकडे पाहू लागला.

"भ्यालास व्हय रे? बांगड्या भर मग," दीर म्हणाले.

मग निदान दोर तरी बांध, म्हणून मी वाटच अडवली. तो लाजून हसला. "मी काय बैल हाय का बाई, दाव्याला बांधायला?" गाठ बसेपर्यंत मी हलले नाही.

खालून त्यानं सांगितलं, ज्वारी लय गरम हाय. मग काहीतरी बरळला. मग काहीच नाही. दीर म्हणाले, पोतं भरत असंल. मी दोराला हात घातला तेव्हा कुठे दोन गडी ओढायला लागले. खांदे तोंडात अडकले, कातडं सोलवटून तो वर आला. ओठ काळेनिळे, तोंडाला फेस. बऱ्याच वेळानं ओकला आणि श्वास घेऊ लागला.

ज्वारी चांगली आहे ना, गिर्दावरानं विचारलं. दीर म्हणाले, सकाळीच शिंदी पिऊन आला असंल. त्या माणसानं जन्मात शिंदीला तोंड लावलं नव्हतं. ओकारीपासून दोन हातांवर खोबरं वाटलं गेलं, आणि लोकांनी ते खाल्लं.

त्याची बायको धावत आली. मालकांच्या नारळानं वाचला, असं तिला कुणीतरी सांगितलं. नवरा जिवंत पाहून तिनं दिरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

दिरांनी पाय मागे घेतले नाहीत.