काजळकोटाच्या वेशीवर

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या लेकीच्या, सईच्या मोज्यांसारखे ते सापडत राहतात. सोफ्याखाली एक, उशीच्या अभ्र्यात एक. शोधायला गेलं की एकही नाही, आणि मध्येच केर काढताना तीन.

'काजळकोट' ही अद्भुत कादंबऱ्यांची मालिका. आठ भाग झालेत, नववा येणार येणार म्हणतायत. तिच्यावर आम्ही चौघं 'वेस' नावाचं ऑनलाइन मासिक चालवतो. कंपनीत कोडिंग करून उरलेल्या वेळात वेबसाइट सांभाळणारी सानिका, नागपूरहून पुण्यात आलेल्या आणि बँकेतून घरी गेल्यावर चित्रं काढणाऱ्या वैशालीताई, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कांबळे सर, आणि मी. मी संपादक. पहिल्या बैठकीत पेन फक्त माझ्याकडे होतं, म्हणून.

*

कांबळे सर आमच्याकडे तक्रार घेऊन आले. पहिल्या अंकात आम्ही काजळकोटाचा नकाशा छापला होता. चौथ्या दिवशी ईमेल आली: "आपल्या नकाशातली काळनदी डोंगर चढते आहे. मी आयुष्यभर धरणांवर नोकरी केली, खडकवासल्यालाही होतो. असं पाणी पाहिलं नाही."

सानिकानं नम्रपणे कळवलं की सर, ती जादूची नदी आहे.

उत्तर एका ओळीचं: "जादू असली तरी उतार लागतो."

सोबत त्यांनी नवा नकाशा जोडला होता. उंचसखल रेषा, पाणलोट क्षेत्र, सगळं. शिवाय राक्षसांच्या वस्तीला पुराचा धोका आहे, अशी तळटीप. आम्ही त्यांना त्याच दिवशी मंडळात घेतलं.

*

आमच्याकडे एक प्रथा आहे. पुस्तकात कुणी महत्त्वाचं मेलं, की 'वेस'मध्ये काळ्या चौकटीत निवेदन येतं. सातव्या भागात सेनापती वज्रकेतू गेले. मी मन लावून मजकूर लिहिला आणि तोच स्टेटसला ठेवला: 'आमचा आधार हरपला.'

तासाभरात शनिवार पेठेतून निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आत्या आल्या. चेहरा गंभीर. सासूबाईंनी पोह्यांची कढई तशीच झाकून ठेवली. शेवटी आत्यांनी हळूच विचारलं, कधी गेले? मी म्हटलं, पान चारशे बारा.

सगळा खुलासा ऐकून घेतल्यावर आत्या एवढंच म्हणाल्या, "मग पोहे आणा. गार कशाला करताय?"

*

राणी मृण्मयीचं गरोदरपण चौदा महिने चालतं, असा शोध सानिकानं लावला. पुस्तकातले ऋतू, सण, युद्धं मोजून. माझा तेव्हा आठवा महिना चालू होता, त्यामुळे हा लेख मीच करायचं ठरलं. दोघींना दिसेल अशी एक एक्सेल शीट केली. डावीकडे राणीचे महिने.

मी मुळात काळजीखोर. राणीचं लिहिता लिहिता उजवीकडे स्वतःचंही लिहायला लागले. वजन, पायांची सूज, कुठल्या दिवशी बाळ किती वेळा हललं. कुणाशी बोलले असते तर 'उगाच घाबरतेस' ऐकावं लागलं असतं. शीट काही बोलत नाही.

एका दुपारी मी लिहिलं: 'आज हालचाल कमी?'

दोन मिनिटांत त्याच्या खालच्या चौकटीत अक्षरं उमटली: "आत्ता डॉक्टरांना फोन कर. राणीचं मी बघते."

सगळं ठीक निघालं. माझं. राणीचं अजून कुणाला कळलेलं नाही.

*

आता माझी चूक. नवा भाग आला की चाळीस दिवस कथेतलं काहीही फोडायचं नाही, हा आमचा सर्वांत कडक नियम. मीच लिहिलेला. आठवा भाग आला तेव्हा सई तीन महिन्यांची होती. तिला मांडीवर घेऊन मी परीक्षण चढवलं. तिसऱ्या दिवशी. शीर्षकातच फितुराचं नाव!

मांजरी गावाहून एका वाचकानं लिहिलं: "पुस्तक पिशवीत घेऊन घरी चाललो होतो. फितूर बसमध्येच कळला. आता मलपृष्ठ वाचू का?"

मुलगी नीट सांभाळता येत नाही, अंकही येत नाही. दोन्हीकडे अर्धी अर्धी मी. त्यापेक्षा एक तरी सोडावं. मुलगी सोडता येत नाही. ग्रुपवर लिहिलं की राजीनामा देते, रविवारच्या बैठकीत घ्या.

मनातून वाटत होतं, कुणीतरी 'वेडी आहेस का' म्हणेल. सानिकानं लिहिलं, "ओके. विषय सातवा." कांबळे सरांनी नुसता अंगठा पाठवला. वैशालीताईंनी तोही नाही.

तीन दिवस मी तो अंगठा बघत होते.

*

रविवारी दुपारी सईला घेऊन कांबळे सरांकडे गेले. राजीनामा छापून नेला होता, बोलताना रडू येऊ नये म्हणून. सगळे यायचे होते. कांबळे काकूंनी सईला घेतलं आणि मला म्हणाल्या, जरा टेक, चहा होईपर्यंत. मी सोफ्यावर टेकले.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं होतं. अंगावर शाल. समोर तिघंही बसलेले, माना खाली, हातात फोन. सई सानिकाच्या मांडीवर. कुणाचा आवाज नाही. मला वाटलं, माझ्याबद्दलच काहीतरी गंभीर ठरलंय.

उशीजवळचा फोन हळूच पाहिला. ग्रुपवर सत्तेचाळीस मेसेज.

पहिला कांबळे सरांचा: "बैठक सुरू. कृपया कुणी बोलू नये. संपादक झोपल्या आहेत."

मग चार फुटांवर बसून त्यांनी अख्खी बैठक टाइप केली होती. मुखपृष्ठ, नकाशा, वाचकांची पत्रं. मध्ये वैशालीताई: "चहा पाहिजे त्यांनी बोट वर करा." सानिका: "सईनं माझा चष्मा घेतलाय. आवाज न करता परत कसा मागायचा?" कांबळे सर: "ठराव: चष्मा सईकडेच राहील."

शेवटी विषय सातवा.

कांबळे सर: "संबंधित व्यक्ती झोपेत असल्यानं हा विषय पुढच्या बैठकीत."

सानिका: "तेव्हाही झोपली तर?"

कांबळे सर: "तर त्याच्या पुढच्या."

मी फोन पालथा ठेवला आणि परत डोळे मिटून घेतले.