आमचे हे, त्यांची सायकल आणि माझं खोटं

आमच्या ह्यांना मी खोटं बोलून घरी ठेवून घेतलं.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घालून झाला, लेकीचा फोन येऊन गेला. आता खरं काय ते लिहून टाकते. फेसबुक लेकीनंच शिकवलंय, तिनं वाचलं तर वाचू दे.

आणीबाणी उठली ते वर्ष. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालेलं.

महालिंग, म्हणजे आमचे हे, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून मोर, कमळ, वेल.

कारखान्यात एका जुन्या मशीनवर पितळी पट्टी होती. तिच्यावर जर्मनीतल्या कुठल्याशा गावाचं नाव.
रोज ते नाव वाचून वाचून ह्यांच्या मनानं घेतलं की हे गाव बघायचं.

सायकलवर. एकट्यानं.

मुंबईहून बोटीनं इराण, पुढं सायकलनं तुर्कस्तान, मग आणखी कुठले कुठले देश, मग ते गाव.
लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मला सांगितलं. मी हसले. मग बघते तर माणूस सिरियस.

दीड वर्षं तयारी चालली. खरं सांगू? माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस ते.

कॅरिअरवर चाळीस-पंचेचाळीस किलो लगेज असणार होतं. प्रॅक्टिसला तेवढं वजन आणायचं कुठून? माझं वजन बेचाळीस.
मग काय, दर रविवारी पहाटे मीच लगेज.

"हलू नको गं," हे ओरडायचे. "सामान कदी हलतंय व्हय?"
"सामानाला तहान लागलीय," मी म्हणायचे.

पुण्याच्या रस्त्याला लागलो की मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकवून डोळे मिटायचे. हे दम खात खात सांगत राहायचे. आता उजवीकडं डोंगर, वर बर्फ हाय. आता बाजार आला, जर्दाळूचे ढीग लागलेत बग.
मला सगळं दिसायचं. अजूनही दिसतं.

त्याच रस्त्यावरचं मोडनिंब गाव म्हणजे तेहरान, असं ठरलेलं. तिथवर एकदाच पोचलो.
हॉटेलात चहा पिताना हे म्हणाले, "तेहरानचा चा लई गोड हाय की."
चहावाला बिचारा म्हणाला, "साकर कमी टाकू का?"
परत येताना सायकल एसटीच्या टपावर आणि आम्ही आत, हसून हसून पोट दुखलेलं.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. त्यांनी कडक भाकरी करायला घेतल्या. पापडासारख्या पातळ, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या. एकेक वाळवून पत्र्याच्या डब्यात रचायच्या.
मी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या.

मला वाटायचं, ही नुसती तयारीच असते. जायचं नसतं.

मग बोटीचं तिकीट आलं. निघायला तीन आठवडे.
हे तिकीट घेऊन दारात उभे, चेहरा नुसता उजळलेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"अहो, मला दिवस गेलेत."

गेले नव्हते. दोन दिवस वर झाले होते, एवढंच.

चार-पाच दिवसांनी पाळी आली.
शेजारच्या कुठल्याही घरात असते तर कोपऱ्यात बाजूला बसावं लागलं असतं आणि माझं खोटं त्याच दिवशी उघडं पडलं असतं. पण आम्ही लिंगायत. आमच्याकडं विटाळ पाळत नाहीत. मी चुलीपुढं भाकरी थापत राहिले, पूजा करत राहिले. कुणालाच कळलं नाही.
एवढी चांगली रीत, आणि मी तिचा असा फायदा घेतला.

पुढच्या आठवड्यात हे मुंबईला जाऊन तिकीट परत करून आले. कडक भाकरी आम्हीच शेंगाचटणीबरोबर खाऊन संपवल्या.
महिन्याभरानं मी सांगितलं, "टिकलं नाही."
ह्यांनी आठवडाभर मला उठू दिलं नाही. मोसंबी सोलून हातात द्यायचे, आणि मी रडायचे.

तीन वर्षांनी लेक झाली. त्या टूरचं नाव घरात कुणी काढलं नाही. टीव्हीवर बर्फाचे डोंगर दिसले की मी चॅनल बदलायचे.

गेल्या वर्षी, हे जायच्या दोन महिने आधी, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत दुपारचा चहा घेत बसलो होतो. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

हे बशीवर फुंकर मारत म्हणाले, "म्हाईत हाय की."
"कधीपासून?"
"तवापासून. साडीखाली काय वाळत घातलंयस ते मला दिसत नव्हतं व्हय?"

मी मनात हिशेब केला. म्हणजे तेव्हा तिकीट घरातच होतं. बोट सुटायला चांगले पंधरा दिवस होते.
"मग गेला का नाहीत?"

ह्यांनी बशी खाली ठेवली.
"भ्या वाटलं गं. एकट्याला लई भ्या वाटत होतं. समद्यांना सांगून बसलेलो. तू तसं बोललीस आनि मी सुटलो."

मला इतका राग आला! आयुष्यभर मी मनात कुढत राहिले आणि हा माणूस सुटला होता! दोन दिवस बोलले नाही. चहा पुढ्यात ठेवून आत निघून यायचे.
तिसऱ्या दिवशी हेच म्हणाले, "तवाच सांगनार होतो. पर तू रडत होतीस. मग धीर झाला न्हाई."
त्यावर काय रागवायचं!

वर्षभर लोक येऊन म्हणतात, लांबच्या प्रवासाला गेले हो.
नका म्हणू तसं. त्या माणसाला एकट्यानं लांब जायची भीती वाटायची.
आणि या वेळी अडवायला मला काही खोटंसुद्धा सुचलं नाही.

अहो, घाबरू नका.
नमस्कार करते तुम्हाला.