सत्यवतीकाकी आणि विघ्नेशचे चार प्लग

विरारजवळच्या गास गावच्या नाक्यावरच्या दुकानावर 'शत्रुघ्न ऑटो पार्ट्स' अशी पाटी आहे, पण खुद्द शत्रुघ्नाला तिथे बसलेला कुणी पाहिलेला नाही. तो आपल्या वाडीत केळींना पाणी देत असतो आणि गल्ल्यावर बसते त्याची बायको, सत्यवती. वय साठ, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा आणि आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस आपल्यालाच हाक आली समजून थांबतो.

लग्न होऊन आली तेव्हा दिराचं गॅरेज होतं. तिथे रिक्षांचे प्लग पेट्रोलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासता घासता बाई प्लग वाचायला शिकली. काजळी धरलेला प्लग दिसला की म्हणायची, "गाडी गल्लीतल्या गल्लीत रांगते." तेलकट दिसला की मालकाकडे पाहून सुस्कारा टाकायची. मालकाला समजायचं की इंजिन उघडावं लागणार. गंमत म्हणजे प्लगची एवढी पारख असलेल्या या बाईला गाडी लागते. चारचाकीत बसली की दहाव्या मिनिटाला लिंबू हुंगायचं आणि पंधराव्या मिनिटाला पिशवी शोधायची. म्हणून ती कुठेही जाते ती सून रोशनीच्या स्कूटरवर, मागे एका अंगाला बसून.

तिचा नेम ठरलेला. जुना प्लग बघितल्याशिवाय नवा द्यायचा नाही. आणि तीन प्रश्न विचारायचे: गाडी कोन चालवतं, कुठं जाते, आनि इंजिनात काय उपद्व्याप केलेत? माणूस खोटं बोलतो, प्लग बोलत नाही, हे तिचं ब्रीद. तीस वर्षांत त्याला तडा गेला नव्हता. तो गेला विघ्नेशमुळे.

विघ्नेश विरार पश्चिमेचा, संगणकाच्या कंपनीत नोकरीला, इस्त्रीच्या शर्टातला गोड बोलणारा मुलगा. एका रविवारी बायकोला, ज्ञानदाला घेऊन दुकानात आला. गाडी टर्बोची. अधूनमधून आचके देते, प्लग बदलायचे आहेत म्हणाला. जुना प्लग त्याने रुमालात गुंडाळून आणला होता. सत्यवतीने तो उजेडात धरला. आतली चिनी माती पांढरीफटक पडली होती आणि तिच्यावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके. प्लग भाजला होता. कंपनीतून आली तशी गाडी प्लगला इतकं भाजत नाही.

"इंजिनात काय केलंयस?" तिने विचारलं.

"काहीच नाही काकी. कंपनीतून आली तशीच आहे."

"कायच नाय?"

"नाही हो," विघ्नेश म्हणाला आणि उगीचच छताच्या पंख्याकडे बघू लागला.

सत्यवतीने एकदा प्लगकडे पाहिलं, एकदा त्याच्या शर्टाकडे. एवढा शिकलेला पोरगा, शेजारी बायको उभी, हा कशाला खोटं बोलेल? तिने कंपनीचे चार प्लग काढून दिले आणि जुना रुमालासकट गल्ल्याखाली ठेवला. त्या दिवशी जेवताना घास तिच्या तोंडात फिरत राहिला.

पुढच्या रविवारी विघ्नेश सासूला घेऊन महालक्ष्मीच्या दर्शनाला निघाला. वाटेतल्या मेंढवण घाटाच्या चढावर त्याने नव्या प्लगांच्या भरवशावर पाय दाबला आणि गाडीने असे काही आचके दिले, की सासूबाईंच्या मांडीवरचं ओटीचं ताट विघ्नेशच्या मानेवर आलं. संध्याकाळी त्याने मोबाइलवर दुकानाला पाचपैकी एक चांदणी दिली आणि खाली लिहिलं, 'नकली प्लग विकतात. सावध राहा.'

रोशनीने ते वाचून दाखवलं तेव्हा सत्यवती हसली. दुसऱ्या दिवशी तिचं जुनं गिऱ्हाईक, रिक्षावाला एडवर्ड, प्लग हातात घेऊन उलटापालटा करत "काकी, असली हाय ना?" म्हणाला, तेव्हा मात्र तिचं हसू गेलं. एडवर्डच्या बापाच्या रिक्षाचे प्लग तिने घासले होते. आठवड्याभरात आणखी चौघांनी तेच विचारलं. सत्यवतीला रात्रीची झोप लागेना. शिव्या तिने आयुष्यभर पचवल्या होत्या, पण नकली हा शब्द तिला पचेना.

"फोन लाव त्याला," तिने सुनेला सांगितलं. "गाडी घेऊन ये म्हनावं. मी बसते."

"आई, तुम्ही? चारचाकीत?"

"मरत नाय मी."

रविवारी सकाळी विघ्नेश आला. सोबत ज्ञानदाही होती. आईला ओटीच्या ताटासकट आचके बसल्यापासून तिलाही या प्लगांचा सोक्षमोक्ष लावायचा होता. सत्यवती पुढे बसली, हातात लिंबू, पदरात पिशवी. ज्ञानदा मागे बसली. गाडी सनसिटीच्या सरळ रस्त्याला लागली.

"आता दाब," सत्यवती म्हणाली.

विघ्नेशने दाबलं. गाडीने उसळी घेतली आणि लगेच खोकल्यासारखी ढासायला लागली, धडाक धडाक. पाय काढला की सुतासारखी सरळ. पुन्हा दाबलं, पुन्हा ढास. सत्यवतीने डोळे मिटून कान लावला. तिला सगळं कळलं. टर्बो इंजिनात वाजवीपेक्षा जास्त हवा कोंबत होता आणि त्या दाबापुढे प्लगची ठिणगी विझत होती, वाऱ्यात काडी विझावी तशी. त्यात इंजिन तापलेलं. अशा गाडीला लवकर निवणारा, थंड जातीचा प्लग लागतो आणि त्याच्या दोन टोकांमधली फट कमी ठेवावी लागते. पण मुळात एवढी हवा आली कुठून, हे सांगायला विघ्नेशच हवा होता.

"पोरा, शेवटचं इचारते. काय केलंयस?"

"काकी, खरंच काही..." त्याचे डोळे आरशात गेले. आरशात ज्ञानदा होती.

सत्यवतीच्या पोटात आता लिंबालाही न जुमानणारं काहीतरी वर येत होतं. चेहरा कच्च्या केळ्यासारखा झाला होता. तिने पिशवी उचलली, मागच्या सीटवर भिरकावली आणि गाडीतल्या नव्या कोऱ्या, कातडी कव्हरांकडे पाहिलं.

"खरं बोल," ती म्हणाली, "नायतर हितंच वकते."

विघ्नेशने कचकन ब्रेक दाबला. "ट्यून केलीय! पिकअप वाढवायला गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन मॅप टाकलाय! दोन महिने झाले! काकी, प्लीज, दार उघडा!"

सत्यवतीने दार उघडलं, रस्त्याच्या कडेला पोट मोकळं केलं, चूळ भरली आणि प्रसन्न चेहऱ्याने परत येऊन बसली.

"दोन महिन्यांपूर्वी," ज्ञानदा सावकाश म्हणाली, "तू एसीचं मोठं काम निघालं म्हणाला होतास."

विघ्नेशने एसीचं बटण हळूच बंद केलं.

"मी सगळ्यांना सांगत सुटलेय, आमचा एसी किती मस्त झालाय. आईला स्वेटर घालायला लावला मी!"

दुकानात परतल्यावर सत्यवतीने एका नंबराने जास्त थंड असे चार प्लग काढले. पातळ पट्ट्यांचा गेज घेऊन एकेकाची फट मोजली आणि बाजूचं टोक जरा जरा दाबून कमी केली. मधल्या नाजूक टोकाला धक्का लागू नये म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. विघ्नेशने तिथेच रस्त्यावर प्लग बसवले आणि एक फेरी मारून आला. आता गाडी ढासत नव्हती. त्याचा आनंद दाखवायची मात्र विघ्नेशची हिंमत झाली नाही.

ज्ञानदाने त्याच्या हातातून मोबाइल घेतला. जुना मजकूर पुसला, पाच चांदण्या दिल्या आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "प्लग अस्सल आहेत. नकली माझा नवरा होता."

रोशनी हसता हसता खाली बसली. एडवर्ड रिक्षा थांबवून ऐकत होता, त्याने मांडीवर थाप मारली. सत्यवतीही हसली. मग तिने गल्ल्याखालून रुमालात गुंडाळलेला तो भाजलेला प्लग काढला आणि काउंटरवर ठेवला. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पोरी, अजून एक लिही. ह्यो प्लग मी बगितला व्हता. मला तवाच कळलं व्हतं. पन पोराचा शर्ट बगितला आनि प्लगाचं आयकलं नाय. चूक माजी पन हाय."

"काकी, असू दे," ज्ञानदा म्हणाली. "असं लिहिलं तर पाच चांदण्या शोभतील का?"

सत्यवतीने एडवर्डकडे पाहिलं. तो आता हसत नव्हता, ऐकत होता.

"नाय शोभनार," ती म्हणाली. "एक चांदनी काप."