हळदीच्या डीव्हीडीतला आवाज

बाबांची नजर गेलेली. आई वारल्यावर त्यांना तिचा आवाज हवा होता. तो माझ्या हळदीच्या डीव्हीडीत होता. बाभुळगावच्या घरी मी संगणकावर फक्त गाणी वेगळी काढली, मधली बडबड कापली आणि सीडी बनवली. आधीच तडा गेलेली ती डीव्हीडी नंतर ड्राइव्हमध्येच फुटली.

बाबांनी सीडी शेवटपर्यंत ऐकली.

"गाणे तं साऱ्याच बायका म्हणून राह्यल्या. तिनं मले म्हटलं होतं, 'अवो, जेवून घ्या, लगन पोराचं हाय, तुमचं नाही.' ते कुठी हाय?"

"बाबा, गोंगाट समजून पुसलं मी."



आता सीडी रोज लागते. दोन गाण्यांमधल्या शांततेत बाबा कान पुढे करतात. मी समोर बसून पाहतो.