जबड्याच्या रेघा

१९५८, पौषातला मंगळवार, बारामतीचा एक दवाखाना. हजर: आई, आबा, माहेरी आलेली धाकटी बहीण, मी, आणि मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र घेऊन मुंबईहून आलेले डॉक्टर.

आम्ही इंदापूरहून पहिल्या एसटीने आलो होतो. बहिणीला झटके यायचे. सासरी त्याला बाहेरचं म्हणत आणि देवऋषी बोलावून मिरच्यांची धुरी देत. हे फेफरं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तर गोळ्या सुरू होणार होत्या आणि धुरी थांबणार होती. यंत्र मात्र दुपारीच परत जायचं होतं.

डोक्याला तारा चिकटवल्या. यंत्राच्या लेखण्या हलल्या आणि कागदभर एकसारखी बारीक थरथर उमटली. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर, डॉक्टर म्हणाले. आबा जाऊन ती बंद करवून आले.

"गिरणीवाला म्हणतोय, पोरीच्या डोक्यात काय दळतंय ते बिगीनं बघा, हितं बाया खोळंबल्यात."

बहीण हसली. कागदावरची थरथर गेली होती.

तेवढ्यात लेखण्या उसळल्या आणि जाड काळा पट्टा उमटला. आईला वाटलं झटकाच आला. "दात धर गं, दात धर!" ती ओरडली. जीभ चावू नये म्हणून तिनंच बहिणीला लहानपणापासून शिकवलं होतं: भीती वाटली की दात गच्च मिटायचे.

"झटका नाही हा," डॉक्टर म्हणाले. "जबडा आवळला की स्नायूंची वीज कागदावर येते, मेंदूची तिच्याखाली बुडते. सैल सोडा."

सैल सोड म्हटलं की ती घाबरायची आणि घाबरली की आवळायची. आईला बाहेर बसवलं, तर तिनं बावरून जबडा आणखीच आवळला. मी गालावरून हात फिरवला. बोटांना दगड लागला.

"सोडलाय की गं, ताई," ती मिटल्या दातांतून म्हणाली.

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "यात मेंदू कुठला आणि जबडा कुठला, मला वेगळं काढता येत नाही. झोपेत जबडा सैल पडतो. मुंबईला आणा, झोपवून काढू."

"तवर गोळ्या?" आबांनी विचारलं.

"खात्री नसताना कशा देऊ?"

पुढच्या आठवड्यात सासरचे येऊन तिला घेऊन गेले. मुंबईच्या प्रवासाची तयारी मी केली होती, वळकटीसुद्धा बांधून ठेवली होती. तिच्या सासऱ्यांचा होकार तेवढा आला नाही. झोपेतल्या रेघा काढायच्या राहिल्या आहेत.