फ्लेक्सवरचे साहेब आणि आधारवरची छबूबाई

पाथर्डीकडच्या डोंगराच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथं एक जानेवारीला सगळ्यांचा एकदम वाढदिवस असतो. आधार कार्डं काढायला आलेल्या माणसानं, ज्याला तारीख सांगता येईना त्याला एक जानेवारी देऊन टाकली. साल मात्र तोंड बघून दिलं. छबूबाईचं नशीब असं, की दिराच्या पोरीचं लग्न होतं म्हणून त्याच दिवशी ती काळी मेंदी लावून बसलेली. त्यानं केस बघितले आणि ठोकलं एकाहत्तर साल. मेंदी महिन्याभरात उतरली. साल काही उतरलं नाही.

"मंग बहात्तरच्या दुष्काळात मी एक वर्साची हुते व्हय?" छबूबाई भेटेल त्याला विचारायची. "पाझर तलावावर पाट्या टाकल्या मी. त्या काय दुपट्यात गुंडाळून टाकल्या?"

म्हातारपणाच्या पेन्शनला पासष्ट पुरी लागतात. छबूबाईला सहासष्ट झाली होती, पण कागदावर पंचावन्न. तालुक्याच्या कचेरीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "आजी, अजून वय नाही तुमचं. दहा वर्षांनी या."

"आजी बी म्हनतो मेला, आन वय न्हाई बी म्हनतो!"

पेन्शन झाली तर यंदा कोयता खुंटीवर राहणार होता. नाही झाली तर दसरा सरला की पुन्हा ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला. नवरा सहादेव कंबरेतून गेलेला, म्हणजे थोरल्या पोराच्या मागं मोळ्या बांधायला तीच.

धाकटा गहिनीनाथ तालुक्याला एसटी स्टँडसमोर फ्लेक्स छापायचा. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कल्याणराव साहेब, दोन वर्षांपासून दिल्लीत मंत्री. फोटो मात्र पहिल्या निवडणुकीचा, चौदा वर्षांपूर्वीचा, आणि दर छपाईला गहिनीनाथ त्यातून आणखी थोडं वय पुसायचा. साहेबांचा पीए अजिनाथ मागं उभा राहून सांगायचा, "साहेबांचं असं म्हणणं आहे, की गालावरची ती सावली काढावी. साहेबांचं असं म्हणणं आहे, की केस जरा अजून." याला चहा पाहिजे असला तरी साहेबांचंच म्हणणं असायचं.

साहेबांचा सत्कार ठरला. गहिनीनाथनं चाळीस बोर्ड केले आणि तेवढं आईच्या अर्जावर साहेबांनी दोन शब्द लिहावेत म्हणून हात जोडले.

"औक्षणाला उभी कर तिला," अजिनाथ म्हणाला. "ताट फिरवून झालं की अर्ज पुढं करायचा. साहेब नाही म्हणत नाहीत. तेवढा वेळच नसतो त्यांना."

छबूबाईनं साहेबांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण चाळीस बोर्डांखालून चालत आलेल्या बाईला आणखी काय ओळख पाहिजे? गाडी थांबली. पुढून एक वाकलेला, पांढऱ्या केसांचा, डोळ्यांखाली पिशव्या लोंबणारा माणूस दाराला धरून उतरला. मागून उतरला काळ्याभोर केसांचा, गोबऱ्या गालांचा, हुबेहूब बोर्डावरचा.

"बाबा, जरा सरका बाजूला. सायबांना ववाळायचंय."

आणि छबूबाईनं साहेबांच्या पुतण्याला कुंकू लावलं. पुतण्यानंही लाजत का होईना, लावून घेतलं.

"ते मागचं म्हातारं कोन रं?" गर्दीतनं एकानं दुसऱ्याला विचारलं.

"सासरा आसंल."

अजिनाथचं तोंड असं झालं, की साहेबांचं काय म्हणणं आहे हे विचारायची कुणाची छाती होईना.

पण साहेब मुरलेले. स्टेजवर गेल्यावर त्यांनी त्याचंच भाषण केलं.

"माता-भगिनींनो! आज माझ्याच मातीतल्या एका मातेनं मला ओळखलं नाही! का नाही ओळखलं? हे केस बघा. हे दिल्लीनं पांढरे केले! उभ्या देशाचा भार या खांद्यावर आहे. खुर्ची माणसाला खाते हो... आतून खाते!" इथं चष्मा काढून रुमाल. रुमाल कोरडाच.

"लई तान हाय सायबावर," पुढच्या रांगेतले माना हलवत म्हणाले.

छबूबाई स्टेजच्या पायरीशी उभी राहून निरखत होती. माणूस खरंच म्हातारा झाला होता, तेवढं तिनं मान्य केलं. पण वझ्यानं आलेलं म्हातारपण तिला चांगलं ठाऊक होतं. ते आधी मानेत उतरतं, मग गुडघ्यात. याची मान ताठ होती, हात लोण्याचे. नुसते डोळे गेलेले, आणि तेसुद्धा एका जागी ठरत नव्हते. शेजारच्या बाईला ती म्हणाली, "ह्यो खुर्चीचा तान न्हाई. खुर्ची जाईल, त्येचा हाय."

आणि अर्ज घेऊन ती वर चढली.

"सायेब, तुमाला दोन वर्सांत धा वर्सं आली. लोकांनी नुसती बघून मानली, कागद कुनी मागितला न्हाई. आता माजी बी बघा, आन लिवा."

माईक चालूच होता. साहेबांनी आधारची झेरॉक्स पाहिली, छबूबाईकडं पाहिलं, आणि ओठांवर ते बोर्डावरचं हसू आणलं.

"कोण म्हणतं सहासष्ट? अहो, पंचावन्नसुद्धा वाटत नाही ताई! माझ्या धाकट्या बहिणीसारख्या दिसता!"

टाळ्या, शिट्ट्या. शेजारच्या अधिकाऱ्यानं हसत हसत अर्ज घेतला आणि पुष्पगुच्छांखाली ठेवला. अजिनाथनं छबूबाईला कोपराला धरून खाली उतरवलं. "साहेबांचं असं म्हणणं आहे, की आधार बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन बसली. साहेबांच्या वाढदिवसाचा बोर्ड चालू होता. सत्कारात गहिनीनाथनंच काढलेला ताजा फोटोही कॉम्प्युटरवर होता.

"ह्यो लाव. गाल भरू नको. पिशव्या ऱ्हाऊ दे."

"आये, धंदा बसंल माझा."

"मला म्हातारी करता येती का तुज्या मशिनीत? कागदावर चालंल आशी?"

"न्हाई."

"मंग त्येला बी तरना करायचा न्हाई."

गहिनीनाथनं जुना फोटो उडवून ताजा बसवला. मग त्यानं छापायला टाकला.

वाढदिवसाला सकाळी चौकात वीस फुटी बोर्ड उभा होता, एकेक सुरकुती हातभर. एकानं तर चपला काढून हात जोडले. त्याला वाटलं, श्रद्धांजलीचा आहे. त्याच चौकात तोडीचा ट्रॅक्टर माणसं भरत होता. ट्रॉलीत बोचक्यांवर छबूबाई बसली होती, मांडीवर कोयता.

तेवढ्यात अजिनाथ दोन माणसं आणि एक शिडी घेऊन धावत आला. "काढा! आधी काढा ते! कुणी लावलं?" माणसं वर चढली आणि साहेबांना कानाला धरून ओढायला लागली.

ट्रॅक्टर हलला. छबूबाईनं ट्रॉलीतून मान बाहेर काढली.

"आरं ये अजिनाथा, दमानं! म्हातारं मानूस हाय, पडंल!"